पडदेवाले

मागच्या खोलीचा पडदा तिनं स्वतःच्या हातानं उघडला, आणि उघडताना तिला बरं वाटलं होतं. पुढे कित्येक महिने तिच्या मनाला लागून राहिलं ते हे बरं वाटणंच.

वडील गुरुवारी गेले. शुक्रवार, शनिवार, रविवार माणसांत गेले. सोमवारी सकाळी घर शांत झालं आणि बाह्या सरसावून तिनं आवराआवर सुरू केली. चार दिवसांची रजा, अडीच खोल्यांचं घर आणि एकट्या माणसाचा चाळीस वर्षांचा पसारा. ती पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुका शोधणं हाच धंदा, त्यामुळे आपल्या नजरेतून सहसा काही सुटत नाही, असा तिचा स्वतःबद्दल समज होता.

त्या अडीच खोल्यांतली अर्धी म्हणजे मागची. एके काळी ती अडगळीची होती. वडील कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा साहाय्यक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अडगळ बाहेर काढली, खिडकीला काळा जाड पडदा लावला आणि खोली आपल्या ताब्यात घेतली. पडदे हा त्यांचा जुनाच सोस. वर्गात कुठलाही प्रयोग असो, हे आधी जाऊन पडदे ओढणार. मुलांनी त्यांचं नावच पाडलं होतं, पडदेवाले. खरं नाव विभागात फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं.

खोलीत शून्याचा एक मिणमिणता दिवा जळत होता. चार दिवस तो तसाच जळत राहिला असणार. दिव्यापासून चांगलं हातभर लांब, टेबलावर एक ट्रे होता. ट्रेखाली पाण्याची थाळी, थाळीतून वर गेलेली कापडाची वात, आणि मातीत मक्याची वीस-बावीस रोपं. बोटभर उंच, लुकडी, फिकी. ट्रेच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवलेली. तिच्यावर पेन्सिलीनं एक तारीख आणि पुढे ‘रवि.’ एवढंच. रविवारी पाणी घालायचं असेल, असं तिनं मानलं. टेबलासमोर दोन स्टुलं होती. एकट्या माणसाला दोन स्टुलं कशाला लागतात, असं क्षणभर तिच्या मनात आलं आणि गेलं.

तिला त्या रोपांची दया आली. बाबा गेले, आणि ही बिचारी काळोखात उपाशी. तिनं पडदा सर्रकन बाजूला केला, ट्रे उचलला, बाल्कनीत नेला आणि भर उन्हात ठेवला. वरून तांब्याभर पाणी घातलं. उजेडात ती रोपं हिरवी दिसली, फिकी पण हिरवी. आता धरतील जीव, असं ती मोठ्यानं म्हणालीसुद्धा.

मग फळी आवरायला घेतली. फळीवर एक रिकामी बाटली होती, चिठ्ठी ‘पांढरे’. शेजारी बिस्किटांचा मोठा डबा, मक्याच्या पिवळ्याधमक दाण्यांनी अर्धा भरलेला. त्याच्यावर चिठ्ठी ‘भावंडं’. तिला हसू आलं. बाबांचा विनोद हा असा, ज्याचं त्यालाच कळणारा. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू चहा घेऊन आल्या.

“सगळं टाकून देऊ नकोस हं,” काकू म्हणाल्या. “डब्यात काय आहे? मका? मग मला दे की. माझी कबुतरं सकाळपासून डोकं खातायत.”

“न्या ना काकू. नाही तरी पोरकिडे लागतील.”

“तुझे बाबा एक दाणा द्यायचे नाहीत बाई. मी म्हणायची, अहो, मेल्यावर सोबत नेणार आहात का?” बोलून गेल्यावर काकूंनी जीभ चावली. तिनंच त्यांच्या हातात डबा दिला आणि विषय संपवला.

रिकामी बाटली मात्र तिनं पुसून बाजूला ठेवली. चिठ्ठीवरचं अक्षर फार सुंदर होतं.

*

चारच्या सुमाराला दाराची बेल वाजली. दारात काठी टेकत मॅडम उभ्या होत्या. वनस्पतिशास्त्राच्या माजी विभागप्रमुख, आता अधूनमधून एका शाळेत मुलांना प्रयोग दाखवणाऱ्या, वय ऐंशीच्या घरात, कानाला यंत्र, आवाज अजून वर्गातला. स्मशानात त्या आल्या होत्या, पण तिथे बोलणं झालं नव्हतं. आत येऊन खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या, आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाल्या, “पडदेवाल्यांचा ट्रे बघायला आले. जिवंत असेल ना अजून? आज अकरावा दिवस.”

“आहे ना,” ती उत्साहानं म्हणाली. “मी बाहेर उन्हात ठेवलाय.”

मॅडमनी ऐकू आलं नाही असा चेहरा केला आणि कानातलं यंत्र नीट बसवलं. “कुठे ठेवलायस?”

दोघी बाल्कनीत गेल्या. रोपं उभी होती, पण त्यांच्यात हिरवं नावाला उरलं नव्हतं. छापखान्यातल्या कोऱ्या कागदासारखी पांढरी पडली होती. टोकं वळली होती.

“मी पाणी घातलं होतं,” ती म्हणाली.

“अगं, पाण्याचं काय घेऊन बसलीस.” मॅडम कठड्याला धरून हळूच खाली वाकल्या आणि एक पान दोन बोटांत धरलं. “पडदा कुणी उघडला?”

“मी.”

मॅडम रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या तिथेच बाल्कनीतल्या वेताच्या स्टुलावर बसल्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगावं तसं, सावकाश सांगू लागल्या.

“पानातलं हिरवं द्रव्य ऊन पकडतं, हे तर शाळेतच शिकलीस. पण किती पकडायचं, हे त्याला कळत नाही. ऊन फार झालं की ते हावरटासारखं घेत सुटतं आणि शेवटी स्वतःच जळून जातं. म्हणून प्रत्येक हिरव्याशेजारी पिवळं उभं असतं. गाजरात असतं ना, त्याच्याच नात्यातलं. ते एकीकडे हिरव्याला न जमणारा उजेड पकडून त्याच्या पदरात टाकतं, आणि दुसरीकडे, ऊन डोईजड झालं की जास्तीचं स्वतःच्या अंगावर घेतं आणि ऊब करून हवेत सोडून देतं. गाजावाजा नाही. हिरव्याखाली दिसतसुद्धा नाही. या रोपांमध्ये तेवढंच नाहीये. जन्मतःच पिवळं नाही. मंद उजेडात जपलं तर हिरवी होतात बिचारी. उन्हात ठेवलं की...” त्यांनी पान सोडून दिलं. “तासा-दोन तासांचा खेळ. विभागात दर वर्षी मीच मुलांसमोर पडदा उघडायला लावायचे. पडदेवाल्यांना ते अजिबात आवडायचं नाही. एक कुंडी गुपचूप मागे ठेवून द्यायचे. मला ते माहीत नाही, असं त्यांना वाटायचं.”

ती ट्रेकडे बघत राहिली. तिला एक फोन आठवला होता, आणि तो आठवायला नको होता.

तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे नववीच्या विज्ञानाची मुद्रितं होती. प्रकाशसंश्लेषणाच्या पानावर एक आकृती होती, पिवळा चौकोन, हिरवा चौकोन, मधे एक बाण. बाण कुठून कुठे, याबद्दल मजकुरात आणि आकृतीत मेळ नव्हता. तिनं वडिलांना फोन लावला.

“बाबा, पटकन सांगा. बाण पिवळ्याकडून हिरव्याकडे, बरोबर?”

“बरोबर. पण बाण दोन आहेत.”

“इथे एकच आहे.”

“मग चुकलंय. उलटाही हवा. हिरव्याला झेपेनासं झालं की पिवळं ते परत काढून घेतं. अगं, तेच तर खरं...”

“बाबा, पान आज छपाईला जातंय. दुसरा बाण घातला तर सगळी मांडणी हलेल. एक बाण आहे तो चुकीचा नाही ना?”

“चुकीचा नाही,” पलीकडून आवाज आला. “अर्धा आहे.”

“मग चालेल.”

“बरं, घाईबाई,” ते म्हणाले होते. हे तिचं लहानपणचं नाव. “एकदा ये आणि माझ्या मागच्या खोलीत दहा मिनिटं बस. बाहेरून आल्यावर डोळे बसायला दहा मिनिटं लागतात. मग दाखवतो तुला दुसरा बाण नसला की काय होतं ते.”

“येते ना. पुढच्या वेळी नक्की.”

पुस्तक एका बाणासकट छापलं गेलं. पुढच्या वेळा बऱ्याच आल्या. ती यायची, जेवायची, घड्याळ बघायची. वडील म्हणायचे, बसतेस का दहा मिनिटं? ती म्हणायची, बस चुकेल.

“बी तरी नीट ठेवलंयस ना?” मॅडम विचारत होत्या.

“पांढऱ्या दाण्यांची बाटली रिकामी होती.”

“ती असणारच, सगळे या ट्रेत पेरले त्यांनी. ते जाऊ दे. पांढरे दाणे म्हणजे पिवळं नसलेले. त्यांची रोपं पंधरा दिवसांच्या वर कुणाची जगलीत? त्यांना कणीस कुठून येणार? वंश चालतो तो त्यांच्या भावंडांवर. त्याच कणसावरचे पिवळे दाणे. दिसायला धडधाकट, पण तिनातल्या दोघांच्या पोटात हे लपलेलं असतं. ते पेरायचे, की पुढच्या कणसात पुन्हा थोडे पांढरे निघतात. सत्तावीस वर्षं चालवलं त्यांनी असं. विभागानं बंद केलं तेव्हा डबा घरी घेऊन आले. आता मुलांना चित्रफीत दाखवतात म्हणे. डबा कुठाय?”

“वरच्या काकूंना दिला,” ती म्हणाली. “कबुतरांसाठी.”

“‘भावंडं’ लिहिलेलं वाचलं नाहीस?”

“वाचलं,” ती म्हणाली. “मला ती बाबांची गंमत वाटली.”

*

गच्चीवर पोचेपर्यंत मॅडमना तीन वेळा थांबावं लागलं. काकूंनी डबा सकाळीच मोकळा केला होता. कबुतरांची पंगत उठूनही कित्येक तास झाले होते. चार-दोन आळशी कबुतरं अजून टाकीजवळ घुटमळत होती. मॅडमनी त्यांच्यावर काठी उगारली.

“हुश! चालते व्हा! सत्तावीस वर्षांचं काम गिळलंत, ढेकर तरी द्या!”

“अगं बाई, मला काय ठाऊक,” काकू रडवेल्या झाल्या. “नुसता मका तर दिसत होता.”

“नुसता मकाच आहे तो,” मॅडम म्हणाल्या. “तीच तर पंचाईत आहे.”

तिघींनी गच्ची पिंजून काढली. फरशीच्या फटा, नळाखालची शेवाळलेली जागा, टाकीचा पाया. काकू गुडघ्यांवर बसून केसातल्या आकड्यानं फटी उकरत होत्या. ऊन उतरेस्तोवर अकरा दाणे मिळाले. तिनं ते ‘पांढरे’ लिहिलेल्या बाटलीत ठेवले. दुसरं काही हाताशी नव्हतं.

“यातले कुठले कामाचे?” तिनं विचारलं.

“ते पडदेवाल्यांनाही कधी कळलं नाही. बघून कळत नाही. पेरायचं आणि कणीस सोलेपर्यंत थांबायचं.”

जिना उतरताना ती म्हणाली, “मॅडम, तुमच्या शाळेतल्या प्रयोगासाठी होता ना तो ट्रे? तुमचं मी नुकसान केलं.”

मॅडम पायरीवर थांबल्या. सांगावं की नाही, हे ठरवायला त्यांना वेळ लागला.

“माझा प्रयोग पुढच्या महिन्यात आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “गेल्या आठवड्यात त्यांना म्हटलं, थोडे पांढरे मलाही ठेवा. तर म्हणाले, या खेपेला नाही, मुलगी येणार आहे रविवारी. दहाव्या दिवशी रंग चांगला असतो, दिवस मोजून पेरलंय.”

ती त्या रविवारी येणार होती, हे खरं होतं. मंगळवारी तिनंच फोन करून सांगितलं होतं की काम निघालंय, पुढच्या रविवारी बघते. वडील म्हणाले होते, हरकत नाही. तेव्हा रोपं पाच दिवसांची झालेली होती. ती त्यांनी काढून टाकली नव्हती.

*

तिनं वडिलांचं भाड्याचं घर सोडलं नाही. घरमालकाला फोन करून सांगितलं, चार-पाच महिने लागतील. कशाला, असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आवरायला.” हेही तसं खोटं नव्हतं.

गच्चीवर वडिलांची मातीनं भरलेली पिंपं होतीच. दर शनिवारी दोन तासांचा बसप्रवास करून ती यायची, रविवारी संध्याकाळी परतायची. अकरातले नऊ उगवले, नऊही हिरवेगार. तिला त्या हिरव्याकडे बघून काहीच कळायचं नाही, आणि ते कळत नाही याची आता तिला सवय करून घ्यायची होती. मधल्या दिवसांत काकू पाणी घालायच्या. जाळी बांधून त्यांनी कबुतरांना बंदी केली होती. “माझीच कबुतरं आणि मीच राखणदार,” त्या म्हणायच्या. “तुझे बाबा वरून हसत असतील मेले.” पुन्हा जीभ चावायच्या. एका वादळात दोन झाडं मोडली तेव्हा काकूंनी इतक्या रडक्या आवाजात फोन केला की तिला आधी भलतीच शंका आली.

तुरे फुटले तेव्हा मॅडम पुन्हा गच्चीवर चढल्या. तुऱ्याला कागदी पिशवी, कणसाच्या मिशांना वेगळी पिशवी; एका झाडाचे पराग त्याच झाडाच्या मिशांवर, दुसऱ्या कुणाचा कण लागता कामा नये. पिशव्या वडिलांनी आधीच्या वर्षीच्या झटकून, घडी घालून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर जुन्या तारखा खोडून नव्या लिहायला जागा सोडलेली.

त्याच सुमाराला नववीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती तिच्या टेबलावर आली. तिनं आकृतीत दुसरा बाण पेन्सिलीनं काढला. मांडणी करणाऱ्यानं पान परत आणलं. “ताई, हा बाण घातला तर खालच्या दोन ओळी पुढच्या पानावर जातात.”

“जाऊ देत.”

“अख्खं प्रकरण हलेल.”

“हलू दे,” ती म्हणाली. तो गेल्यावर तिला वाटलं, हे दोन शब्द तीन वर्षांपूर्वीही एवढेच लहान होते.

नऊपैकी सहा झाडांना कणसं धरली. ती सोलायच्या दिवशी तिघी वडिलांच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसल्या. पहिलं कणीस, सगळं पिवळं. दुसरं, पिवळं. तिसरं सोलताना काकू डोळे मिटून बसल्या. तेही पिवळं, दाणा न दाणा भरलेला, कुठल्याही शेतकऱ्यानं खूश व्हावं असा.

चौथ्याची साल तिनं फार हळू ओढली. पिवळ्या ओळींमध्ये मधे मधे पांढरे दाणे होते. दुधाच्या दातांसारखे. त्यातल्या पाच-सहांना कणसावरच कोंब फुटले होते.

“हे बघ,” मॅडम चष्मा वर करत म्हणाल्या, “बीला थांब म्हणून सांगणारा रसही त्या पिवळ्यापासूनच बनतो. यांच्यात तो नाही, म्हणून यांना दम नाही. आईच्या अंगावरच उगवायला निघतात. पडदेवाले यांना काय म्हणायचे माहीत आहे?”

“काय?”

“घाईबाया.”

काकू फस्सकन हसल्या. तीही हसली. मग उठून पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली, आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिली.

*

मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी साडेतीनला, तिनं मागच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. काळा पडदा नीट ओढलेला, कडेनं टाचण्या लावलेला. शून्याचा दिवा. ट्रेमध्ये न उगवलेले चौदा पांढरे दाणे पेरून दहा दिवस झाले होते.

आधी काहीच दिसलं नाही. टेबलाची कड दिसली, थाळीतलं पाणी चमकलं. रोपं होती ती नुसत्या करड्या रेघा. तिचा हात सवयीनं मनगटावरच्या घड्याळाकडे गेला. तिनं घड्याळ काढून खिशात टाकलं. शेजारचं स्टूल रिकामं होतं. आवराआवरीच्या पहिल्या दिवशी त्यावर तिनं वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला होता. तो तिनं आज सकाळी उचलला होता.

दहा मिनिटं हा केवढा तरी वेळ असतो. बाबा इथे काय बोलले असते, याचा ती अंदाज करत बसली. बहुधा काहीच नाही. बहुधा ते रोपांकडे बघतही बसले नसते. तिच्या चेहऱ्याकडे बघत, तिला केव्हा दिसतं याची वाट बघत बसले असते.

हिरवं एकदम आलं नाही. आधी वाटलं भास आहे. मग एका पानाच्या शिरेवर, मग दुसऱ्यावर, आणि मग सगळ्या ट्रेवर ते होतं. फार फिकं, पाण्यात एक थेंब रंग पडावा तेवढं. ते आत्ता आलेलं नव्हतं. ती आत आली तेव्हाही होतंच.

“दिसलं,” ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. मॅडमचा असणार, रंग कसा आलाय ते विचारायला. तो वाजत वाजत बंद झाला. पुन्हा वाजला. दार उघडलं तर उजेड आत येईल म्हणून ती उठली नाही, आणि मग उठण्याचं दुसरं काही कारणही तिला सुचेना.